चरित्रांचे कोरे चौकोन: वाचनसंकल्पात पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

दर वर्षी १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, आमच्या वाचनालयात वाचनसंकल्पाचे तक्ते वाटतात. पोस्टकार्डापेक्षा जरा मोठा पुठ्ठा आणि त्यावर बारा चौकोन. कादंबरीचा, कवितेचा, नाटकाचा, प्रवासवर्णनाचा, असे आठ. उरलेले चार चरित्र-आत्मचरित्रांचे. २३ एप्रिलला, जागतिक पुस्तक दिनी, भरलेला तक्ता परत आणायचा. मी आठवड्यातून तीन संध्याकाळी देवघेवीच्या टेबलावर बसते, त्यामुळे कुठला चौकोन कधी भरतो ते मला दिसतं. कादंबरी दिवाळीच्या सुट्टीतच उरकते. चरित्रांचे चौकोन मार्च उजाडला तरी कोरे असतात. मग शेवटच्या पंधरवड्यात लोक येऊन विचारतात, "ताई, एखादं बारीकसं चरित्र आहे का हो?"

हा लेख त्या प्रश्नाचं सावकाश दिलेलं उत्तर आहे. शाळा सुटल्यानंतर ज्यांनी एकही चरित्र पुरं वाचलेलं नाही, त्यांच्यासाठी तो लिहिला आहे.

चरित्र म्हटलं की बहुतेकांना मराठीच्या पुस्तकातला धडा आठवतो. गरिबीत जन्म, दिव्याखाली अभ्यास, मग मोठेपण, आणि धड्याखाली ‘या पाठातून तुम्ही काय शिकलात?’ हा प्रश्न. मोठेपणी कपाटापाशी उभं राहिलं तरी तोच प्रश्न पाठीमागे उभा असतो, आणि हात कादंबरीकडे वळतो. मला वाटतं, चरित्र साक्ष म्हणून वाचावं. साक्षीदार समोर असला की आपण आपोआप विचारतो: हा कोण, हा किती वर्षांनी सांगतोय, कुणाच्या देखत सांगतोय, आणि त्या वेळी तिथे दुसरं कोण हजर होतं? हे चार प्रश्न सोबत असले की थोर माणसाचं पुस्तकही बरोबरीच्या नात्याने वाचता येतं.

चौकोनात काय बसतं

पहिला गोंधळ इथेच होतो. दुसऱ्याने लिहिलं ते चरित्र, स्वतः लिहिलं ते आत्मचरित्र, इतकं सगळ्यांना ठाऊक असतं. ‘आठवणी’ हा प्रकार जरा वेगळा. त्यात अख्खं आयुष्य नसतं, त्याचा एक भाग असतो, पुष्कळदा दुसऱ्या कुणाच्या सहवासातला. रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) हे त्याचं जुनं आणि अजूनही ताजं वाटणारं उदाहरण. नावातला ‘आमच्या’ हा शब्द बघा. पुस्तक त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांचंही आहे आणि रमाबाईंचंही. रोजनिशीही चालते. माधव कोंडविलकरांचं ‘मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे’ रोजनिशीच्याच रूपात आहे.

दलित आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या लेखकांच्या पुस्तकांना बहुतेक जण ‘आत्मकथन’ किंवा ‘स्वकथन’ म्हणतात. हा शब्द जाणीवपूर्वक निवडलेला आहे. ‘चरित्र’ या शब्दाला थोरपणाचा, यशाच्या चढत्या कमानीचा वास येतो. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) किंवा बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) एकट्या माणसाच्या यशापेक्षा वस्तीचं जगणं मोठं आहे. ‘जिणं आमुचं’मध्ये तर ‘माझं’ नाहीच, शीर्षकातच ‘आमुचं’ आहे. चौकोन भरताना आपण ही पुस्तकं आत्मचरित्रात मोजतो, पण बोलताना त्यांचा शब्द वापरावा.

चरित्रात्मक कादंबरी मात्र या चौकोनात नको. ‘स्वामी’ (१९६२) वाचून माधवराव पेशव्यांचं चरित्र वाचलं असं सांगणारे वाचक मला दर वर्षी भेटतात. कादंबरी उत्तम असली तरी त्यातले संवाद लेखकाने रचलेले आहेत. डॉ. आनंदीबाई जोशींचं उदाहरण घ्या. १८६५ चा जन्म, १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या, वयाची बावीस वर्षंही पुरी नव्हती. त्यांच्यावर श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) ही कादंबरी आहे, त्यांच्याच काळातल्या काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं चरित्र आहे, आणि अंजली कीर्तने यांचं अलीकडचं संशोधनपर चरित्रही आहे. कादंबरी कादंबरीच्या चौकोनात टाका आणि त्या दोनांपैकी एक चरित्राच्या. एका माणसावर दोन चौकोन भरतील, आणि कादंबरीकाराने कुठे काय रचलं तेही कळेल.

‘श्यामची आई’बद्दल वाद होतो. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या या पुस्तकात त्यांचं स्वतःचं बालपण आहे, पण श्याम हे पात्र आहे आणि तो रात्री रात्री गोष्टी सांगतो. आम्ही ते कादंबरीत धरतो. तुमच्या ग्रंथपालांचं मत वेगळं असलं तर त्यांचं ऐका.

कपाट कुठे असतं

महाराष्ट्रातल्या बहुतेक सार्वजनिक वाचनालयांत चरित्रांचं कपाट वेगळं असतं आणि वर पाटी असते. ज्या ग्रंथालयांत ड्यूई दशांश वर्गीकरण वापरतात तिथे चरित्रांचा क्रमांक ९२० च्या आसपास मिळतो. पण तिथेच थांबू नका, कारण काही ग्रंथालयं माणसाला त्याच्या विषयाखाली ठेवतात. नटाचं आत्मचरित्र नाटकाच्या कपाटात आणि शास्त्रज्ञाचं विज्ञानाच्या कपाटात सापडतं. जयंत नारळीकरांचं ‘चार नगरांतले माझे विश्व’ मी असंच खगोलशास्त्राच्या पुस्तकांत शोधून काढलं होतं.

मुक्तद्वार असेल, म्हणजे कपाटापर्यंत जाऊ देत असतील, तर सरळ तासभर उभं राहून पुस्तकं चाळा. नसेल तर तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकयादीत, लेखकाच्या नावावर न थांबता ज्याच्यावर पुस्तक लिहिलंय त्या माणसाच्या नावानेही शोधा. हवं ते पुस्तक बाहेर गेलेलं असेल तर त्याचा दाखलांक, म्हणजे त्या प्रतीचा ग्रंथालयातला नोंदणी क्रमांक, लिहून घ्या आणि परत आल्यावर राखून ठेवायला सांगा. नुसतं नाव सांगितलं की वेगळीच आवृत्ती हातात पडते. आवृत्तीची गोष्ट पुढे सांगणारच आहे.

परदेशात किंवा महाराष्ट्राबाहेर असाल, जवळ मराठी वाचनालय नसेल, तरी अडायचं कारण नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी प्रताधिकार संपतो, त्यामुळे जुनी पुष्कळ आत्मचरित्रं आता मुक्त आहेत. मराठी विकिस्रोतावर आणि इंटरनेट अर्काइव्हवर शोधून पाहा. बऱ्याच ठिकाणी मराठी मंडळांचीही लहानशी पुस्तकपेढी असते.

पहिलं पुस्तक

इथे माझी एक चूक सांगते. पहिल्या वर्षी एका उत्साही मुलाने डॉ. आंबेडकरांचं चरित्र मागितलं. मी चांगदेव खैरमोड्यांच्या चरित्राचा पहिला खंड काढून दिला. ते बारा खंडांचं आहे. बाबासाहेब हयात असताना, १९५२ साली, त्याचा पहिला खंड आला. अभ्यासकाला ते सोनं आहे. पण तो मुलगा खंड परत करून गेला आणि त्या वर्षी पुन्हा दिसला नाही. त्याला एका खंडात संपणारं, धनंजय कीरांचं चरित्र द्यायला हवं होतं. तेव्हापासून नव्या वाचकाला मी पहिल्यांदा त्याच्या सवडीचा हिशोब विचारते.

तो हिशोब सोपा आहे. दिवसाला वीस पानं जमतात का? मग तीनशे पानांना पंधरा दिवस. तुमच्या वाचनालयाची मुदत किती, मुदतवाढ मिळते का, हे आधी विचारा आणि त्यात बसेल असंच पुस्तक उचला. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) दोनशे पानांच्या आसपासचं आहे. गुलामगिरीत जन्मलेला मुलगा शेतीशास्त्रज्ञ कसा झाला ही गोष्ट, आणि भाषा अशी की आठवीतली मुलगी आणि तिची आजी दोघींनाही चालते. आमच्याकडची प्रत तीनदा बांधणीला गेली आहे.

आवडत्या माणसापासून सुरुवात करा, असं सगळे सांगतात. मी थोडं वेगळं सांगते. ज्याच्या *कामाबद्दल* तुम्हाला कुतूहल आहे त्याचं घ्या. ज्या माणसाला तुम्ही देव मानता त्याचं चरित्र वाचताना प्रश्न विचारायला जीभ उचलत नाही. स्वयंपाकाची आवड असेल तर विठ्ठल कामतांचं ‘इडली, ऑर्किड आणि मी’ घ्या, सिनेमाची असेल तर दुर्गा खोटे यांचं ‘मी, दुर्गा खोटे’ किंवा हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’. पायी फिरण्याचं वेड असेल तर धर्मानंद कोसंबींचं ‘निवेदन’. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस बुद्धधर्म शिकायचा म्हणून १८९९ साली घर सोडून निघाला तो काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा फिरत राहिला. तेव्हा खिशात काय होतं आणि कुणाच्या ओसरीवर झोपला, हे तो स्वतःच सांगतो.

पंचवीस पानं वाचूनही मन लागलं नाही तर पुस्तक परत करा. संकल्प तुम्ही स्वतःशी केलेला आहे, त्या पुस्तकाशी नाही. पण पंचवीस पानं मात्र प्रामाणिकपणे वाचा, कारण जुन्या आत्मचरित्रांत सुरुवातीला घराण्याची वंशावळ असते आणि खरी गोष्ट विसाव्या पानाच्या पुढे सुरू होते.

वाचायला बसण्याआधी दहा मिनिटं

मुखपृष्ठ उलटलं की डावीकडच्या पानावर आवृत्त्यांची माहिती असते. ती वाचा. पुस्तक पहिल्यांदा कधी छापलं आणि लेखक तेव्हा किती वर्षांचा होता, एवढं वहीत लिहा. साठ वर्षांचा माणूस दहाव्या वर्षीचा संवाद शब्दशः सांगत असेल तर तो आठवणीतून पुन्हा उभा केलेला आहे, हे ध्यानात राहतं. त्याने तो खोटा ठरत नाही, पण वाचायची रीत बदलते.

आता आवृत्तीची गोष्ट. विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे भटजी १८५७ च्या सुमारास उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचं ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी प्रसिद्ध केलं, पण छापताना मजकुरात फेरफार केले. मूळ हस्तलिखितानुसार दत्तो वामन पोतदारांनी संपादित केलेली प्रत १९६६ मध्ये आली. म्हणजे एकाच नावाची, एकाच लेखकाची दोन पुस्तकं कपाटात शेजारी उभी असू शकतात आणि त्यांतला मजकूर वेगळा असतो. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत आलं. त्याची संक्षिप्त आवृत्ती आहे आणि संपूर्णही. पहिल्यांदा वाचणाऱ्याने संक्षिप्त घेतली तरी हरकत नाही, फक्त आपण काय घेतलंय ते माहीत असावं.

प्रस्तावना आधी वाचू नका. प्रस्तावनाकार आपलं मत आधीच डोक्यात भरतो. ती शेवटी वाचा, मग त्याच्याशी भांडता येतं.

वाचताना वही कशाला

टिपणं काढायची म्हटलं की लोक घाबरतात. मी फक्त तीन गोष्टी मागते.

शेवटच्या पानावर आडवी रेघ मारा आणि त्यावर सालं मांडा. वर माणसाच्या आयुष्यातल्या गोष्टी, खाली देशातल्या. जुन्या पुस्तकात शके लिहिलेलं असेल तर त्यात ७८ मिळवा, इसवी सन येतो. वर्षाच्या अखेरीच्या, जानेवारी ते मार्चमधल्या तारखांना ७९. ही रेघ आखली की पुष्कळ गोष्टी न सांगता कळतात. बाई बाळंतीण होती त्याच साली प्लेग होता, हे दोन वेगळ्या प्रकरणांत आलेलं असतं, रेघेवर ते एकाखाली एक येतं.

दुसरी, नावांची यादी. मराठी घरात माणसाला चार नावं असतात आणि लेखक गृहीत धरतो की आपल्याला सगळी ठाऊक आहेत. गोदूबाई, आनंदीबाई आणि बाया या तिन्ही एकच, महर्षी कर्व्यांच्या पत्नी (डॉ. आनंदीबाई जोशी वेगळ्या). पंडिता रमाबाई वेगळ्या, रमाबाई रानडे वेगळ्या, रमाबाई आंबेडकर तिसऱ्या. ‘टिळक’ म्हटलं की लोकमान्य आठवतात, पण ‘स्मृतिचित्रे’मधले टिळक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक, कवी, १८९५ साली ख्रिस्ती झालेले. एक काका हे पुस्तक अर्धं वाचून आले आणि म्हणाले, केसरीचा उल्लेख कधी येणार? यादी असती तर ही वेळ आली नसती.

तिसरी गोष्ट पैशांची. ‘दरमहा पंधरा रुपये’ वाचलं की आपण आजच्या भावात गुणाकार करायला जातो. ते करू नका. त्याच पुस्तकात खानावळीचा दर काय होता, शाळेची फी काय होती, पुस्तक कितीला मिळायचं, ते शोधा आणि त्याच्याशी ताडून बघा. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैचा आणा, हे लक्षात ठेवलं की झालं. माणूस गरीब होता की गरिबी सांगत होता, हे त्या हिशोबात कळतं.

अडलेल्या शब्दासाठी मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ दोन्ही इंटरनेटवर शोधता येतात. पण प्रत्येक शब्दाला थांबू नका. स्मृतिचित्रांच्या सुरुवातीला लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं येतं; बाहेरून आलेलं मीठ-गूळसुद्धा धुऊन घ्यायचा त्यांचा हट्ट. तिथे ‘सोवळं’ शब्दाचा अर्थ कोशापेक्षा त्या ओल्या मिठानेच जास्त कळतो.

दुसरा साक्षीदार शोधा

या लेखातलं मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते हेच. चरित्रांचे चार चौकोन चार वेगळ्या माणसांवर उधळू नका. निदान दोन, जमलं तर तीन, एकाच घरात भरा.

आणि त्यासाठी मराठीत कर्व्यांच्या घरासारखं घर नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं ‘आत्मवृत्त’ १९१५ साली आलं. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांचं ‘माझी कहाणी’ १९२८ साली. आणि पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे यांचं ‘माझे पुराण’ १९४४ साली. एक पुरुष, दोन सख्ख्या बहिणी, एकच काम, आणि तीन पुस्तकं.

आधी अण्णांचं, म्हणजे महर्षी कर्व्यांचं वाचा. त्यात मुरुडचा तो मुलगा आहे जो परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून शंभरावर मैल चालत साताऱ्याला जातो, आणि वय लहान दिसतं म्हणून त्याला बसूच देत नाहीत. आमच्याकडे एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर काका हे पुस्तक घेऊन गेले होते. परत आणलं तेव्हा त्यात रस्त्यांच्या नकाशाची घडी ठेवलेली होती, दापोली ते सातारा पेन्सिलीने रेघ ओढलेली. "घाट मला ठाऊक आहे ताई," म्हणाले, "गाडीने जातानासुद्धा मध्ये थांबावं लागतं. हा पोरगा चालत गेला, आणि हात हलवत परत आला." मग नकाशावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "परत येताना काय बोलला असेल सोबतच्यांशी?" पुस्तकातलं ते प्रकरण काढून आम्ही दोघांनी पुन्हा वाचलं. त्या दिवसापासून मी चरित्र नेणाऱ्या प्रत्येकाला सांगते, शेजारी नकाशा ठेवा.

मग बायांचं घ्या. देवरुखकडच्या जोश्यांची मुलगी, आठव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य. भावाने मुंबईला आणलं. पंडिता रमाबाईंचं शारदासदन १८८९ मध्ये सुरू झालं तेव्हा तिथल्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९३ साली कर्व्यांशी पुनर्विवाह, आणि मुरुड गावाने टाकलेला बहिष्कार. हा बहिष्कार दोन्ही पुस्तकांत आहे. अण्णांचं प्रकरण वाचून झालं की पुस्तक बंद न करता बायांचं तेच प्रकरण उघडा आणि दोन्ही टेबलावर शेजारी ठेवा. तो तत्त्वाची गोष्ट कुठे सांगतो, ती घरातली कुठे सांगते, कुणाच्या वाक्यात आई येते, कुणाच्या वाक्यात पाण्याची घागर येते, ते बघा. कर्व्यांनी मिळकत विधवांसाठी काढलेल्या आश्रमाच्या कामात ओतली हे आपण शाळेत कौतुकाने शिकलो. त्या महिन्यात घरात दाणा कुठून आला हा प्रश्न शाळेत कुणी विचारला नव्हता. तो बायांच्या पुस्तकात आपोआप समोर येतो. त्या नवऱ्याचा द्वेष करत नाहीत. अभिमान आणि तक्रार त्यांच्या एकाच परिच्छेदात नांदतात, आणि पुस्तकाचं बळ मला त्यात वाटतं.

आता पार्वतीबाई. त्याही विधवा झालेल्या. बहिणीने पुनर्विवाह केला, यांनी केला नाही. आश्रमाच्या कामात राहिल्या, गावोगाव हिंडून वर्गणी गोळा केली. पुढे पन्नाशीच्या उंबरठ्यावर, इंग्रजी शिकायचं आणि संस्थेसाठी पैसा उभा करायचा म्हणून अमेरिकेला गेल्या आणि तिथे घरकाम करून राहिल्या. तिसऱ्या साक्षीमुळे आधीच्या दोन साक्षी हलतात. बहिणीच्या पुनर्विवाहाकडे, मेहुण्याच्या कामाकडे, स्वतःच्या एकटेपणाकडे त्या ज्या नजरेने बघतात ती ना अण्णांची आहे, ना बायांची. तिघांपैकी खरं कोण बोलतंय, असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. आता वाटतं, तिघंही. फक्त प्रत्येकाची उभं राहायची जागा वेगळी होती.

पहिल्यांदाच वाचणाऱ्याला तीन जड वाटली तर दोन घ्या, पण त्यातलं एक बाईचं असू द्या. मराठीत अशा जोड्या आणखी आहेत. प्रकाश आमट्यांचं ‘प्रकाशवाटा’ आणि त्यांच्या आई साधनाताईंचं ‘समिधा’ ही त्यांतलीच, आई-मुलाची. सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) आलं तेव्हा पुलंवर प्रेम करणारे कितीतरी वाचक दुखावले होते. ते दुखावणं मी समजू शकते. पण ज्या माणसाने आपल्याला आयुष्यभर हसवलं त्याच्या घरातली दुसरी व्यक्ती बोलते आहे, आणि तिला बोलायचा हक्क आहे, हे पचवायला शिकणं हाही वाचनाचाच भाग आहे.

जड जाणारी पुस्तकं

‘बलुतं’ उघडलं की पहिल्याच पानांत दगडू मारुती पवार आणि दया पवार समोरासमोर येतात. एकाच माणसाची दोन नावं. दगडू सांगतो, दया ऐकतो. साक्ष देणारा आणि ती लिहून घेणारा असे दोघे एकाच देहात आहेत. मला हे मराठीतल्या आत्मकथनांतलं सगळ्यात नेमकं दार वाटतं. पुढे गावकुसाबाहेरचं जगणं, मुंबईतली कावाखाना ही वस्ती, भूक, अपमान येतो. ही पुस्तकं झोपायच्या आधी वाचू नका, आणि एका बैठकीत संपवायची जिद्दही धरू नका. थोडं वाचा, थांबा.

आणि ज्यांच्या घरात हे कधी घडलं नाही अशा वाचकांना एक विनंती. वाचून झाल्यावर ‘किती सोसलं बिचाऱ्यांनी’ या वाक्यावर थांबू नका. ज्या विहिरीवर पाणी नाकारलं जात होतं तिथे पाणी भरणारे लोकही होते. ते कोण होते, आपल्या आजोळच्या गावात ती विहीर कुठे होती, हे घरी विचारा. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (१९८०), शांताबाई कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६), ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३) ही मी पुढच्या चौकोनांसाठी सुचवते. बोलीतली वाक्यं अडली तर मोठ्याने वाचा. डोळ्यांना अनोळखी वाटणारा शब्द कानाला बहुतेक वेळा ओळखीचा निघतो.

तक्ता भरताना

चौकोनात पुस्तकाचं नाव, दाखलांक आणि तारीख लिहा. मागच्या बाजूला दोन ओळींची जागा असते. तिथे ‘छान आहे’, ‘प्रेरणादायी’ लिहू नका. त्यातून पुढच्या वाचकाला काही मिळत नाही. पुस्तकातली एक वस्तू लिहा, किंवा एक प्रश्न. मागच्या वर्षी एका नर्सिंगच्या विद्यार्थिनीने डॉ. आनंदीबाई जोशींच्या चरित्राबद्दल लिहिलं होतं: ‘आनंदीबाईंना औषध कोण देत होतं?’ तो तक्ता वाचून चार जणांनी ते चरित्र नेलं.

पुस्तकात रेघा मारू नका. पान दुमडू नका. खुणेला कागदाची पट्टी ठेवा आणि परत करताना ती काढून घ्या. मला आजवर वीज बिलं, बसची तिकिटं आणि एकदा मंगळसूत्राच्या दुरुस्तीची पावती मिळाली आहे.

आणि वाचून झालेलं पुस्तक मुदत आहे म्हणून घरी ठेवून देऊ नका. एप्रिलचा पहिला आठवडा आला की एकच चौकोन कोरा राहिलेले लोक रोज संध्याकाळी टेबलापाशी येतात, आणि ‘माझे पुराण’ची आमच्याकडे एकच प्रत आहे.